सरांचा गोऱ्हा

खोली भाड्याने देताना घरमालक काय विचारतात, हे बँकेतल्या बदल्यांमुळे मला पाठ झालं होतं. मटण-मासे, पाहुणे, पाण्याचा वापर, घरी परतायची वेळ. वडनेर भोलजीला ज्या घरी खोली पाहायला गेलो, तिथल्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. "उजवा हात दाखव," म्हणाले. मला वाटलं, भविष्य बघतात. मी तळहात पुढे केला. त्यांनी पंजा उलटापालटा करून पाहिला, एकेक बोट दाबलं, आणि स्वतःचं मनगट माझ्या हातात देऊन म्हणाले, "दाब. मी सोड म्हणेपर्यंत सोडू नको."

मी दाबलं. त्यांनी आत काकूंना चहा टाकायला सांगितलं, दारावरून जाणाऱ्या एकाशी कपाशीवरच्या अळीबद्दल सविस्तर बोलले, चहा आला तो डाव्या हाताने सावकाश प्यायले. माझा चहा समोर गार होत होता आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी "सोड" म्हणाले. "खोली तुह्यी. पयलेचा भाडेकरू फोन वाजला की सोडून देत जाय."

काय सोडून देत असे, ते मी विचारलं नाही. नांदुऱ्याच्या शाखेत रुजू व्हायचं होतं, खोली स्वच्छ होती, आणि काकूंचा चहा गार झाला तरी चांगला लागत होता.

सर म्हणजे हेच घरमालक, गावातल्या शाळेचे निवृत्त पी.टी. शिक्षक. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिलं आणि शिट्टी परत मागितली नाही, ही शाळेची चूक. ती शिट्टी त्यांच्या गळ्यात आंघोळीतसुद्धा असायची. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्या शिट्टीवर कवायत केली होती, त्यामुळे बाजारात ती वाजली की मिशा पिकलेली माणसंही क्षणभर पाय जुळवून उभी राहत. एकदा झेंडावंदनाला बाहेरगावचे कोणी पाहुणे भाषणाला उभे राहिले ते थांबेनात. उन्हात पोरं उभी. सरांनी दोनदा तोडून शिट्टी वाजवली. त्यांच्या शास्त्रात याचा अर्थ 'सोड'. पोरं रांगा मोडून जिलेबीकडे पळाली, त्यांच्यामागे पालक गेले, आणि पाहुण्यांनी उरलेलं भाषण मुख्याध्यापकांना ऐकवलं. "त्या मानसाच्या लाईनमधी हवा हाये," सर मला म्हणाले. "कितीबी दाबा, चाकापर्यंत काहीच पोचत नाही."

हे लाईन आणि हवा प्रकरण समजायला त्यांचा गोऱ्हा समजून घ्यावा लागेल.

सरांची शेवटची बैलजोडी मी येण्याआधीच विकली गेली होती. हाकायला माणूस मिळेना, आणि सरांचा डावा गुडघा असा बसला होता की मोटारसायकल उभी करताना ती त्यांच्यासकट आडवी होई. शेत नाल्यापलीकडे, पावसाळ्यात वाटेवर पोटरीभर काळा चिखल. त्याच सुमारास हायवेला कोणीतरी काढलेलं रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली हौशी पाहुण्यांना फिरवायची चार जाड चाकांची उघडी गाडी विकायला निघाली. हँडल मोटारसायकलचं, बसायचं घोड्यासारखं, आणि चाकं चिखलात रुतत नाहीत अशी. सरांनी ती आणली आणि बैलांच्या रिकाम्या गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे खरोखर दाव्याने खुंट्याला बांधली. गाव तिला सरचा गोऱ्हा म्हणू लागलं.

गोऱ्ह्याने सरांचं शेत परत मिळवून दिलं, असं मला स्पष्टच म्हणायला पाहिजे. सकाळी गोऱ्हा सुरू झाला की घराला बरं वाटे. सर तुरीच्या ओळी बघून येत, बांधावर बसून येत, आणि परतल्यावर काकूंना आज कुठल्या झाडावर कोणता पक्षी होता ते सांगत. काकू भाकरी थापता थापता "हाव" म्हणत. त्यांनाही त्या सगळ्या झाडांची नावं ठाऊक होती.

आता ब्रेक. नाल्याचा उतार वाईट, म्हणून ब्रेक हा सरांचा धर्म. हँडलवरची कळ दाबली की नळीतलं ब्रेक ऑइल तो दाब जसाच्या तसा चाकापर्यंत नेतं, आणि तिथं दोन बाजूंनी चिमटा चाकाच्या आतली लोखंडी थाळी पकडतो. एवढंच. पण ऑइल जुनं होतं, हवेतलं पाणी पितं, चहासारखं काळं पडतं. आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरला की संपलं. "तेल दबत नाही, हवा दबते," सर सांगत. "तू दाबून राह्यला, हवा दबून राह्यली, चाकाले खबरच नाही." हे सूत्र त्यांनी मग सगळ्या सृष्टीला लावलं. सोसायटीचा चेअरमन, टीव्हीवरचा बातमीवाला, आमचे शाखाधिकारी, पुण्याला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा, सगळ्यांच्या लाईनमध्ये हवा. फक्त स्वतःची लाईन त्यांनी कधी तपासली नव्हती.

ऑइल बदलायचा मुहूर्त ठरलेला होता, पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी बैलांना धुतात, त्यांच्या जुवाने सोललेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. बैल नाहीत म्हणून दिवस मोकळा सोडायला सर तयार नव्हते. आता श्रावणाच्या अखेरीस हवा ओली असते आणि ओल्या हवेत ऑइलचा डबा उघडू नये असं सरच वर्षभर सांगत. पण पोळा काही उन्हाळ्यात नेता येत नाही. म्हणून ते गोठ्याची दारं-खिडक्या लावून घेत, आणि डबा उघडताना मला सांगत, "श्वास तिकडं सोड."

मी गोऱ्ह्यावर बसून कळ दाबायची. सर खाली गोणपाटावर पाय लांब करून बसत. औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी चाकाजवळच्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या पोकळ स्क्रूला लावलेली, तिचं दुसरं टोक बाटलीत. एक छोटी शिट्टी म्हणजे दाब. लांब शिट्टी म्हणजे धरून ठेव, आणि ती वाजताच ते पान्याने निपल ढिली करत. नळीतून काळं ऑइल आणि त्यातले बुडबुडे सळसळत निघत. निपल पुन्हा आवळली की दोन तुटक शिट्ट्या, सोड. मग मी वाकून हँडलवरच्या डबीतलं ऑइल कमी झालं का बघायचं आणि वरून नवं ओतायचं. लांब शिट्टी चालू असताना हात ढिला पडला तर बाहेरची हवा नळीत उलटी ओढली जाते आणि सकाळपासूनची मेहनत वाया. आधीच्या भाडेकरूने नेमकं हेच केलं होतं. सासुरवाडीचा फोन होता म्हणे. त्याला खोली सोडावी लागली आणि गावात कोणाला ते अन्यायाचं वाटलं नाही.

"काकूंना का नाही बसवत?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"ते धरते बराबर," सर म्हणाले, "पण वरून मलेच शिकवते."

काकू दाराबाहेरून म्हणाल्या, "माह्या वाट्या परत द्या म्हनलं की त्याईले शिकवनं वाटते. घरातल्या दोन वाट्या त्या गोठ्यात गेल्या, त्याईले आता तेलाचा वास येते."

काकूंचं आणि गोऱ्ह्याचं मात्र चांगलं होतं. त्यांनी लग्न झाल्यापासून दर पोळ्याला बैलांच्या खांद्यांना स्वतःच्या हाताने तूप लावलं होतं. ती जोडी विकली त्या वर्षी पोळ्याला त्या जेवल्या नव्हत्या, हे मला सरांनीच एकदा दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. श्रावणात कोणी तरी सरांचा व्हिडिओ काढला. त्यात सर शिट्टी वाजवत नाल्याच्या उतारावरून येतायत, चिखल दोन्ही बाजूंना उडतोय, आणि मागून कोणी हसतंय. तो फिरत फिरत पुण्याला पोचला. मुलाचा फोन आला. मी ओसरीवर होतो आणि सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, कारण त्यांच्या मते लपवून बोलायचं ते हवाच असतं.

"बाबा, ते लहान मुलांचं खेळणं आहे. तुमचं वय काय, गुडघा काय. मी पोळ्याला येतोय. स्वतः चालवून बघतो त्या उतारावर. ब्रेक लागला तर ठेवा. नाही लागला तर चाबी मी घेऊन जाणार."

"ये ना," सर म्हणाले. "ब्रेकची गोठ माह्यासंगं करून राह्यला काय तू?"

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी चाळा करत बसले. त्याच दोरीला गोऱ्ह्याची चाबी असायची. मुलगा वाईट नव्हता. बाप नाल्यात पडलेला फोनवरून कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर व्हिडिओ पाहून मीही हेच म्हटलं असतं. पण चाबी गेली तर शेत गेलं, हे त्या घरात तिघांनाही कळत होतं.

म्हणून त्या वर्षी आम्ही ऑइल असं बदललं की लग्नाचं कार्यसुद्धा इतक्या काळजीने कोणी करत नसेल. मी बँकेतून रजा घेतली. कारण विचारलं तेव्हा 'घरगुती' सांगितलं. सर एकेका चाकापाशी बसून राहिले, नळीत नवं मधाच्या रंगाचं ऑइल दिसायला लागलं तरी थांबेनात. लांब शिट्टी इतकी लांब होई की माझ्या मनगटाला कळ लागे. "आणखी येक," ते म्हणत. दुपार कलली तेव्हा कळ दगडासारखी टणक झाली होती. सरांनी ती स्वतः दाबून पाहिली, डोळे मिटून. "हवा नाही," म्हणाले. "आता पोराले म्हना ये." मग डबीचं झाकण लावलं, सांडलेलं ऑइल ओल्या फडक्याने पुसलं, नाही तर ते रंग खातं, आणि आंघोळीला गेले. त्या दिवशी ते आंघोळीत गात होते.

दिवेलागणीला मी ओसरीवर पाय पसरून बसलो होतो. काकू हातात वाटी आणि पळसाची पानं घेऊन गोठ्यात जाताना दिसल्या. आतून त्यांचा आवाज आला, हळू, पण लग्नाच्या बोलावण्यासारखा नीट: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सरही घरातून ऐकत होते. मला म्हणाले, "पाह्य, येडी हाये तुह्यी काकू." मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते एकदम मांजराला हाकलायला उठले. तिथं मांजर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. नवा पांढरा कुर्ता, पोळ्याचा. जेवणाआधीच उतारावर जाऊ म्हणाला. सणाचा दिवस म्हणून गोऱ्हा सुरू न करता आम्ही दाव्याने ओढत नेला. गावाबाहेर बैल तोरणाखाली जमायला अजून वेळ होता, पण बातमी पसरली होती, त्यामुळे नाल्यावर पन्नासेक माणसं सहज म्हणून आलेली. उताराच्या तळाला शेजाऱ्यांचा उकिरडा. काकू औक्षणाचं ताट घेऊन मागून येत होत्या.

मुलाने कळ दाबून पाहिली. "टाइट आहे," तो म्हणाला, आणि मला वाटलं त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. सर छाती काढून उभे. इंजिन सुरू न करताच मुलगा उतारावर निघाला. अर्ध्यात सरांनी लांब शिट्टी फुंकली. मुलाने कळ पूर्ण दाबली, मला त्याची पांढरी पडलेली बोटं दिसली, आणि गोऱ्हा काहीच न ऐकल्यासारखा चालत राहिला. पळाला नाही. गरीब जनावरासारखा, एकाच चालीने, उतार संपेपर्यंत गेला. "अरे बाप्पाऽऽ!" पुण्यात इतकी वर्षं जपलेली भाषा सोडून मुलगा ओरडला, आणि दोघं उकिरड्यात शिरले.

लागलं कुठेच नाही. कुर्त्याचं मात्र काय वर्णन करू. लोक आधी धावले, मग हसले.

सर लंगडत उतरले. मी त्यांच्यामागे होतो. मुलगा शेण झटकत होता तोवर ते गुडघा मोडून पुढच्या चाकाशी बसले. खाली बसताना तो गुडघा त्यांना किती दुखतो हे मला माहीत होतं. कळ अजून दगडासारखी टणक होती, मी दाबून पाहिली. सरांनी चाकाच्या आत हात घातला. बोट बाहेर काढलं ते पिवळं होतं. त्यांनी वास घेतला. मलाही आला. घरचं साजूक तूप आणि हळद.

काकूंनी खांदा शोधला होता. बैलाचा खांदा म्हणजे जिथं जू घासतं ती जागा. गोऱ्ह्याला त्यांनी सगळीकडून पाहिलं असणार, आणि घासून घासून चकचकीत झालेली जागा त्यांना चाकाच्या आत सापडली. चिमटा ज्या थाळीला पकडतो तीच. त्यांनी ती हलक्या हाताने, वाटी रिकामी होईपर्यंत चोळली होती. नंतर चाकात वाकून पाहिलं तर मागच्या आसावरच्या थाळीलाही पळसाच्या पानाची शीर चिकटलेली होती. सरांच्या लाईनमध्ये एक बुडबुडा नव्हता.

"बाबा, काल तुम्हीच ब्रेकचं काम केलं ना?" मुलगा शेजारी उभा राहून विचारत होता. काकू तोवर उतारावरच्या दगडापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ताट दगडावर ठेवलं. "लागलं काय रे बाबू? काय झालं हो? काऊन नाही थांबला गोऱ्हा?"

सरांनी ते पिवळं बोट वर करून दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी वाट पाहत होतो. या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याची हवा झाकून ठेवली नव्हती, आणि इथे तर त्याची स्वतःची चूक औषधालाही नव्हती. थाळी पुसून पुन्हा उतारावर गेलो असतो तर गोऱ्हा बोटभरही सरकला नसता. सरांनी काकूंकडे पाहिलं. मग बोट विजारीच्या आतल्या बाजूला पुसलं.

"हवा राह्यली," ते म्हणाले. "माह्यीच."

मुलाने हात पुढे केला. सरांनी गळ्यातली दोरी काढली, चाबी सोडवली, त्याच्या हातावर ठेवली, आणि शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. इतका की मी संध्याकाळच्या पुरणपोळीलाही धड न्याय दिला नाही, दोनच खाल्ल्या.

मुलगा गेल्यावर मी गोठ्यात त्यांना गाठलं. ते थाळ्या रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. "सर, तूप होतं."

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"तिच्या हातानं तिचं पोरगं उतरावर गेलं, हे तिले सांगू?" ते पुसत राहिले. "पुन्हा कोनाच्या खांद्याले हात लावन काय ते?"

गावाने मात्र सोडलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या लाईनमध्ये सरांनी हवा काढली होती ते सगळे आता व्याजासकट परत आले. "सर, हवा निंघाली काय?" चहाच्या टपरीवर, एस.टी. स्टँडवर, केस कापताना. चेअरमनने तर भर सभेत विचारलं. सर हसत. शेतात आता ते दूधवाल्याच्या गाडीमागे बसून जातात, त्याला वेळ असेल त्या दिवशी, आणि तो म्हणेल तेव्हा परत येतात. बांधावर बसायला मिळत नाही. पक्ष्यांचं सांगणं कमी झालं आहे.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मला वाटलं, आता कशाला. चाबी पुण्याला, गोऱ्हा विटांवर. पण दुपारी गोठ्यातून छोटी शिट्टी आली. मी गेलो, चढून बसलो, श्वास तिकडे सोडला. सगळं तसंच. काळं ऑइल निघालं, मधाच्या रंगाचं आलं. आम्ही शेवटच्या चाकाशी होतो तेव्हा काकू वाटी आणि पळसाची पानं घेऊन दारात आल्या. ऊन त्यांच्या पाठीशी होतं.

"लाव लाव," सर खालून म्हणाले. "भरपूर लाव. आता त्याले कुठी थांबायचं हाये?"

काकू चाकापाशी टेकल्या आणि तूप चोळता चोळता पुटपुटल्या, "इतकं सारं करता, शिट्ट्या काय वाजोता, दारं काय लावता, तरी मांगच्या साली हवा राह्यलीच ना तुमची? पोरगं मराचं राह्यलं. त्या दिवसापासून माह्या मनात अढी हाये तुमच्याबद्दल, सांगून ठेवतो."

मी तोंड उघडलं. एक वर्ष ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि काकूंचा हात तेव्हा नेमका त्या थाळीवर होता.

सरांनी वर न बघता लांब शिट्टी वाजवली.

मी धरून ठेवलं. काकूंनी वाटी रिकामी केली, गोऱ्ह्याला हात जोडले, उद्या जेवाले या म्हणाल्या आणि घरात गेल्या. सरांनी निपल आवळली, नळी काढली, हात पुसले, गोणपाट घडी करून खुंटीला टांगलं आणि तेही गेले. माझी बोटं कळीवरच होती. सोडायच्या दोन शिट्ट्या त्यांनी वाजवल्याच नाहीत.